गावातल्या एका घरात चार-पाच ज्येष्ठांनी मिळून राहायचं तर: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

कोकणात बंद घरं भरपूर आणि मुंबई-पुण्यात एकेकटे राहणारे साठी-सत्तरीतले लोकही भरपूर, त्यामुळे "चला आपण चार-पाच जण मिळून गावालाच राहूया" असं बोलणं हल्ली बरंच ऐकू येतं. पुढे बहुतेक ठिकाणी एकच चूक होते. आधी घराला रंग लागतो, टाइल्स बसतात, टीव्ही येतो, मग माणसं येतात, आणि भाडं कोणी किती द्यायचं, कोणी आजारी पडलं तर काय, कोणाला सोडून जायचं असेल तर काय, हे सगळं भांडण झाल्यावर बोललं जातं. तोपर्यंत पैसे भिंतीत गेलेले असतात.

म्हणून इथे क्रम दिलाय आणि शक्यतो तो मोडू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं कौलारू घर धरून लिहिलंय, देशावर किंवा विदर्भात पावसाचा भाग सोडला तर बाकी फार बदलत नाही. आणि हे फक्त ज्यांना स्वतःचं स्वतः करता येतं त्यांच्यासाठी. ज्यांना अंघोळीला, संडासला, जेवायला माणूस लागतो त्यांच्यासाठी ही सोय नाही, त्यांना इथे आणून ठेवलं तर त्यांचेही हाल आणि बाकीच्यांचेही.

वर्षाचं गणित साधारण असं बसवा: मे महिन्यात घर बघायचं, जुलैत राहून बघायचं, गणपतीत सह्या घ्यायच्या, दिवाळीनंतर दुरुस्ती, संक्रांतीच्या आसपास राहायला जायचं. घाई करून हे तीन महिन्यांत उरकणारे लोक आहेत, त्यांनीच नंतर जास्त पैसे घातलेत.

1. माणसं ठरवा (घर नंतर)

चार ते सहा जण बरे. तीन असले आणि एक मुलाकडे अमेरिकेला गेला की उरतात दोघं, आणि मग खर्च झेपत नाही. सहाच्या वर गेलात की मेसचा कारभार सुरू होतो.

सगळे एका वयाचे नकोत. पाचही जण अठ्ठ्याहत्तरचे असले तर चार-पाच वर्षांत सगळेच एकदम थकतात. एक-दोन जण साठीतले, बाकी सत्तरीतले असं मिश्रण चालतं. मात्र साठीतल्या माणसाने "मी सगळ्यांचं बघेन" असं म्हटलं तरी त्यावर विसंबू नका, तोही इथे आरामाला येतोय.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने या गोष्टी तोंडाने सांगायच्या, लाजायचं नाही:

- औषधं कुठली चालू आहेत, पडणं झालंय का, रात्री किती वेळा उठावं लागतं
- महिन्याला किती रुपये नक्की देता येतील, आणि ते पेन्शनमधून की मुलाकडून
- मासे-मटण खाणार का, सोवळं-ओवळं किती
- दारू, तंबाखू, मोठ्या आवाजात टीव्ही, पहाटे चारला आरती, जे असेल ते
- मुलांना हे माहीत आहे का

शेवटचा मुद्दा लोक टाळतात. मुलं नाराज असताना गुपचूप गावी येऊन राहिलेल्या माणसाचा मुलगा पहिल्या आजारपणात येतो आणि बाकीच्यांनाच झाडतो. म्हणून सगळ्यांच्या मुलांना एका व्हिडिओ कॉलवर घ्या आणि एकच गोष्ट विचारा: फोन गेल्यावर चोवीस तासांत कोण पोहोचेल? नाव हवं, "आम्ही बघू" नको.

⚠ जुनी मैत्री आहे म्हणून हा टप्पा गाळू नका. ऑफिसात तीस वर्षं शेजारी बसलेल्या दोघांना एकमेकांच्या अंघोळीच्या वेळा माहीत नसतात.

2. घर बघायला मे महिन्यात जा

गणपतीत घर बघून पसंत करणं ही फार कॉमन चूक. सगळं हिरवं, विहीर काठोकाठ, घरात पंचवीस माणसं, तेव्हा कुठलंही घर छानच दिसतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात जा आणि विहिरीत वाकून बघा. पाच माणसांना नीट वापरायला रोजचं 500 लिटर तरी पाणी लागतं, तेवढं मेअखेर मिळतंय का हे शेजाऱ्याला विचारा, घरमालकाला नको. नळ असेल तर किती दिवसांआड येतो, किती वेळ येतो.

मग रस्ता. कोकणात अर्ध्याहून अधिक चांगली घरं पाखाडीवर असतात, म्हणजे गाडी खाली आणि तीस-चाळीस चिऱ्यांच्या पायऱ्या चढून घर. आज तुम्ही त्या चढता. पण माणूस खुर्चीत बसवून रात्री, पावसात, खाली आणायची वेळ आली की काय होतं ते डोळ्यासमोर आणा. माझा नियम सरळ आहे, रुग्णवाहिका खळ्यापर्यंत (घरापुढच्या अंगणापर्यंत) किंवा फार तर बेड्यापर्यंत (कुंपणाच्या फाटकापर्यंत) येत नसेल तर ते घर सोडायचं, कितीही सुंदर असलं तरी.

बाकी चटकन बघायचं: प्रत्येक खोलीत उभं राहून दोन-तीन कंपन्यांचं नेटवर्क (ओटीपी आला नाही तर पेन्शन बघता येत नाही, गॅस बुक होत नाही), प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब, ग्रामीण रुग्णालय किती लांब, आणि रात्री बाराला गाडी काढणारा माणूस वाडीत आहे का. डॉक्टर आहेत का एवढंच विचारू नका, कुठल्या वारी असतात ते विचारा.

✔ तपासा: पाच माणसांना किमान चार झोपायच्या खोल्या आणि दोन संडास. एका खोलीत दोघं फक्त नवरा-बायको किंवा बहिणी-बहिणी असतील तरच. "ओटीवर पडदा लावून एक खोली होईल" हे ऐकून घ्यायचं आणि पुढे जायचं.

3. जुलैत एक महिना राहून बघा

काही म्हणजे काही न विकता, मुंबईची जागा भाड्याने न देता. त्याच घरात राहता आलं तर उत्तम, नाहीतर त्याच भागात कुठेतरी भाड्याने.

जुलै का, तर घर आणि माणूस दोघांची परीक्षा तेव्हाच होते. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, लाइट जाते ती कधी दुसऱ्या दिवशी येते, बाहेर पडता येत नाही, आणि चार माणसं दिवसभर एका छपराखाली. कोणाचा दमा वर येतो, कोणाचे गुडघे धरतात. कौलं कुठे गळतात ते कळतं. ओटीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं.

या महिन्यात एक वही ठेवा आणि त्यात रोजचा खर्च आणि रोजच्या कुरबुरी, दोन्ही लिहा. "पंपाचं बटण बंद करायला विसरले", "दुपारी फोनवर जोरात बोलतात", असलं काहीही. वाचताना हसू येतं, पण महिनाअखेर ही वही घेऊन बसलात की नियम आपोआप सुचतात. ज्याला महिन्यानंतर यायचं नसेल त्याने कारण न देता नाही म्हणायचं आणि बाकीच्यांनी कारण विचारायचं नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

⚠ पंप आणि गॅस वारंवार चालू राहतोय, तेच तेच विचारलं जातंय, असं कोणाच्या बाबतीत दिसलं तर "वयच झालं" म्हणून सोडू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, मग पुढचं बोला. विसरभोळेपणाची सुरुवात असलेलं माणूस अनोळखी घरात आणि विहिरीजवळ जास्त गोंधळतं.

4. बाहेर पडायचे नियम आधी लिहा

कराराच्या आधी हे. मी तर म्हणेन या सगळ्या लेखातलं दुसरं काही केलं नाही तरी चालेल पण हे करा. आत येताना सगळे आनंदात असतात तेव्हाच हे शांतपणे बोलता येतं. साध्या कागदावर, सगळ्यांच्या आणि प्रत्येकाच्या एका मुलाच्या (किंवा भाचा-पुतण्या जो असेल त्याच्या) सहीने.

काय लिहायचं:

"स्वतःचं स्वतः" म्हणजे काय. पाच गोष्टी लिहा: अंघोळ, संडास, जेवण, औषधं घेणं, रात्री एकट्याने उठून परत झोपणं. यातली एखादी बंद झाली तर त्या माणसाने स्वतःच्या खर्चाने मावशी किंवा दादा ठेवायचा. तीन महिन्यांत सुधारणा नसेल तर मुलांनी दुसरी सोय बघायची. कठोर वाटतं, पण हे लिहिलेलं नसलं की सगळ्यात धडधाकट बाई कुठलीही चर्चा न होता नर्स होऊन बसते.

स्वतःहून जायचं असेल तर दोन महिन्यांची आगाऊ सूचना. तेवढ्यात जाणाऱ्याने किंवा बाकीच्यांनी मिळून नवीन माणूस शोधायचा, पण नवीन माणसाला सगळ्यांची संमती हवी, एकाचीही नाही आली तर नाही. आणि त्यालाही महिनाभराची ट्रायल.

मृत्यू. होय, हेही. अंत्यसंस्कार इथे की मुंबईला, देहदान किंवा नेत्रदान करायचंय का, कोणाला थांबायचं, सामान किती दिवसांत न्यायचं, डिपॉझिट कोणाच्या खात्यात परत करायचं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची असते, ती कोण करणार तेही.

याच बैठकीत प्रत्येकाने स्वतःचं मृत्युपत्र झालंय की नाही ते बघावं. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. बँकेत नॉमिनी लावलाय म्हणजे झालं असं समजणारे फार आहेत, नॉमिनीला बँक पैसे देते पण त्यावर हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्याचा असतो. घराचे पैसे सहनिवासी मित्राच्या नावावर नॉमिनी करून ठेवले तर त्या मित्रालाच उद्या डोकेदुखी. व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही याबद्दल ज्यांचं मत पक्कं आहे त्यांनी लिव्हिंग विल करावं, 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने पद्धत सोपी केल्यापासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं.

5. घराचे कागद आणि करार

आधी एक मत. पाच जणांनी मिळून घर विकत घेऊ नका. सत्तरीतले पाच मालक म्हणजे उद्या पंधरा वारस, आणि त्यातल्या एकाला वाटणी हवीच असते. पाचातल्या एकाच्या स्वतःच्या घरात बाकीच्यांनी राहणं यातही अडचण अशी की तो नकळत मालक होतो आणि बाकीचे पाहुणे. पंखा बंद करायलासुद्धा त्याच्याकडे बघतात. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे तिऱ्हाइताचं बंद घर भाड्याने घेणं. ज्याच्या घरात राहणार तोच सहनिवासी असेल तर बाकीच्यांचे करार दुप्पट काळजीने करा.

कागद कुठले बघायचे? गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा मिळेल, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झालेलं गाव असेल तर मिळकत पत्रिका मागा. घर गावठाणाबाहेर असेल तर सातबारा, आणि त्याच्यासोबत फेरफार (नावं कधी, कशी बदलली त्याची नोंद).

आणि इथेच कोकणातली खरी मेख. घर दाखवणारा चाकरमानी एक असतो, उताऱ्यावर नावं असतात चौदा. त्यातली काही गेलेली, वारस नोंद झालेली नाही, एक आत्या बडोद्याला, एक चुलतभाऊ दुबईत. एकट्या चुलत्याने दिलेल्या करारावर राहायला गेलात तर पुढच्या मे महिन्यात दुसरा चुलता कुलूप घेऊन उभा. म्हणून सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या, आणि त्यासाठी गणपतीसारखी संधी नाही, तेव्हा सगळे एका घरात, एका पंगतीला असतात. संमतीपत्राचा मसुदा आधीच टाइप करून न्या. आरती झाल्यावर, जेवणाच्या आधी. जेवण झालं की माणसं पांगतात.

त्या संमतीपत्रात गणपती आणि शिमग्याचाही उल्लेख हवाच. मूळ पुरुषाचा गणपती त्या घरात बसत असेल तर सहहिस्सेदार येणारच, आणि त्यांना नाही म्हणणं बरंही नाही. तेव्हा लिहून घ्या: किती दिवस, माजघर आणि ओटी त्यांची, तुमच्या खोल्यांना हात लावायचा नाही, त्या दिवसांची लाइट आणि गॅस कोणाचा. तुमच्यातले काहीजण तेव्हा मुलांकडे जातात, तेही सोयीचं पडतं. हे न बोलता राहायला गेलेल्या लोकांनी ऐन चतुर्थीला आपलं अंथरूण उचलून पडवीत टाकलेलं आहे.

करार लीव्ह अँड लायसन्सचाच करा. लेखी आणि नोंदणी केलेला, नुसत्या नोटरीवर भागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, तरी पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. मुदत जास्तीत जास्त 60 महिने धरा. स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्क्याच्या हिशोबाने, ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये, म्हणजे वाचवण्यासारखी रक्कमच नाही. ऑनलाइन नोंदणीत बोटांचे ठसे लागतात आणि भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या म्हाताऱ्या हातांचे ठसे मशीन धरत नाही, तासन् तास जातात, त्यापेक्षा सरळ दुय्यम निबंधक कार्यालयात जा.

एकाच करारात पाच नावं घालायची की पाच वेगळे करार? मी वेगळे म्हणेन, खोलीनिहाय, आणि स्वयंपाकघर, ओटी, विहीर, संडास सामायिक असं लिहून. एकच करार असला की एक गेला तरी सगळाच नव्याने करावा लागतो.

✔ सही करण्याआधी: सगळ्या सहहिस्सेदारांची संमती, घरपट्टी भरल्याची पावती, लाइटबिल कोणाच्या नावावर आणि थकबाकी किती, दुरुस्तीचा खर्च भाड्यातून किती वजा होणार. शेवटचं करारातच हवं, तोंडी नको.

⚠ मुलाने "तुम्ही गावीच राहणार ना" म्हणून मुंबईची जागा बक्षीसपत्राने मागितली तर थांबा. द्यायचीच असेल तर "मला सांभाळायचं" ही अट दस्तात लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली असा दस्त रद्द करून मागता येतो, पण अट लिहिलेली नसेल तर फार जड जातं.

6. दुरुस्ती: रंग सोडून बाकी सगळं

दिवाळीनंतर सुरू करा, भिंती वाळलेल्या असतात. क्रम असा: छप्पर, संडास-न्हाणी, वायरिंग, चालायच्या वाटा, आणि पैसे उरले तर रंग.

छप्पर. वासे आणि रिपा वाळवीने खाल्ल्यात का ते सुताराला टोचून बघायला सांगा. शाकारणी (कौलं उतरवून, साफ करून पुन्हा बसवणं) एप्रिल-मेमध्ये दरवर्षी लागतेच, तिचा खर्च वार्षिक म्हणून धरा. कौलांत दोन-चार काचेची कौलं घाला, माजघरातला अंधार कमी होतो, अंधारातच माणसं पडतात.

संडास-न्हाणी. यावर पैसे खर्च करताना हात आखडू नका. मागच्या परसातला जुना संडास कितीही मजबूत असला तरी रात्री दोन वाजता पावसात तिथे जायचं नाही, घराला लागून आतून दार असलेला नवीन बांधा. कमोड हवाच, बसायची उंची दीड फूट. दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं, कारण आत माणूस पडला की आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. आतून कडी नको, बाहेरून नाण्याने उघडेल असं लॉक मिळतं ते लावा. कमोडच्या बाजूला आणि नळाजवळ स्टीलचे दांडे, भिंतीत नीट बोल्ट करून. जांभ्याच्या भिंतीत साधा रावळप्लग धरत नाही, निघून हातात येतो. गवंड्याला आधी काँक्रीटचा ठोकळा बसवायला सांगा आणि दांडा लावून झाल्यावर स्वतः लोंबकळून बघा, त्याच्यासमोर. फरशी खरबरीत. चकचकीत टाइल्स दुकानदार सुचवतोच, घेऊ नका.

जोतं आणि उतार. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोतं (घराचा चौथरा) दीड फूट असेल तर उतार अठरा फूट लांब होतो. गवंडी सहा फुटांत बसवून देतो, दिसायलाही छान दिसतो, आणि मग त्यावरून माणूस चढूही शकत नाही आणि खुर्ची ढकलताही येत नाही. अठरा फूट सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट ओटा घेऊन वळवा. दोन्ही बाजूंना कठडा. चिऱ्याच्या पायऱ्या ठेवणार असाल तर पावसाळाभर दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासाव्या लागतात, हे काम कोणाचं तेही वहीत लिहा. आणि उंबरठे. आतल्या खोल्यांचे काढून टाका, बाहेरचा ठेवायचाच असेल तर त्यावर पिवळी पट्टी मारा.

वायरिंग. जुन्या घरात अर्थिंग नसतंच. नवीन करून घ्या, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा, ओल्या भिंतीत तीच वाचवते. इन्व्हर्टरचा हिशोब करा: चार साधे पंखे आणि आठ एलईडी दिवे मिळून 370 वॅटच्या आसपास जातात, 150 एएचची एक बॅटरी त्यावर तीन तास काढते. तेच पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर निम्मा लोड, साडेपाच-सहा तास. रात्र निघते. बॅटरी मोठी घेण्यापेक्षा पंखे बदलणं स्वस्त पडतं आणि बिलही कमी येतं.

7. पैसे

एका माणसाच्या खात्यातून सगळं चालवू नका. दोघांच्या नावावर वेगळं जॉइंट खातं, दोघांच्याही सह्या लागतील असं, आणि त्यात दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत सगळ्यांचे पैसे. पेन्शन असलेल्यांना तारीख जमते, मुलांकडून येणाऱ्यांना जमत नाही, म्हणून मुलांनी थेट या खात्यातच पाठवायचे.

एक नमुना हिशोब, आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला: भाडं 8,000, स्वयंपाकाची बाई 7,000, झाडू-भांडी-कपडे 4,000, किराणा-दूध-भाजी-मासे 18,000, गॅस 2,000, लाइट 2,500, इंटरनेट 700, दुरुस्ती 3,000, शाकारणीसाठी बाजूला 2,000. बेरीज 47,200, पाच जणांत माणशी 9,440.

आता एक जण गेला. किराणा 14,400 आणि गॅस 1,600 वर येतो, बाकी काहीच कमी होत नाही. बेरीज 43,200, चौघांत माणशी 10,800. म्हणजे प्रत्येकाला महिन्याला 1,360 रुपये जास्त. हा फरक ज्याला झेपणार नाही त्याने आत्ताच सांगावं. यासाठीच येताना प्रत्येकाने तीन महिन्यांचा खर्च, साधारण 30,000, डिपॉझिट ठेवायचा. रिकाम्या खोलीचा खर्च त्यातून भागवून नवीन माणूस आला की भरून काढायचा.

औषधं, रिक्षा, फोन, पाहुण्यांचं जेवण हे ज्याचं त्याने. पाहुणा म्हणजे कोण, किती दिवस फुकट? दोन रात्री फुकट, पुढे ताटामागे पैसे, असं ठेवलेलं घर नीट चालतं. नातवंडं मे महिन्यात पंधरा दिवस येतात हो, आणि आंबेही तेच खातात.

8. स्वयंपाकघर

सगळ्यात जास्त घरं इथे मोडतात, पैशावर नाही.

पहिला नियम, राहायला जायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकाची बाई ठरलेली हवी. "सुरुवातीला आम्हीच करू" असं बायका म्हणतात, पुरुष खूश होतात, आणि पंधरा दिवसांनी "काकू आहेत ना" हे कायमचं होऊन जातं. चाळीस वर्षं चुलीपुढे काढून ती बाई इथे पुन्हा पाच माणसांच्या भाकऱ्या थापायला आलेली नाही. कोणाला हौस आली तर एखाद्या दिवशी करावं, त्याला काम समजू नये. बाई सुट्टीवर असेल त्या दिवशी पाळी, पुरुषांचीही, निदान मुगाची खिचडी आणि पापड सगळ्यांना येतो.

मासे. सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण ही यादी प्रत्येकाची वेगळी. जमत असेल तर मागच्या पडवीत एक जास्तीची शेगडी आणि वेगळी भांडी ठेवा, मासे तिथेच साफ आणि तिथेच शिजतील. वास येणारच, तो चालतो का हे ट्रायलमध्येच कळलेलं असतं.

साखर-मिठाचं आणखी एक. डायबेटिस आणि बीपी सगळ्यांनाच थोडंफार असतं, तेव्हा आमटीत मीठ कमीच आणि ज्याला हवं त्याने वरून घ्यायचं. चहा बिनसाखरेचा, साखर बाजूला. यावर वाद घालायला फार मजा येते, तेवढा घालू द्या.

✔ महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, बाईलाही विचारा की काही अडचण आहे का. चार वेगवेगळ्या माणसांनी चार ऑर्डरी दिल्या की ती सोडून जाते. सूचना देणारा एकच, तो दर तीन महिन्यांनी बदला.

9. दवाखाना आणि रात्र

प्रत्येकाचा एक पानी कागद: रक्तगट, आजार, औषधं मात्रेसह, ॲलर्जी, कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं, मेडिक्लेमचा नंबर, दोन नातेवाईकांचे फोन. एक फ्रिजवर, एक खोलीच्या दाराआड, एक फोटो ग्रुपवर. औषध बदललं की कागद बदला. जुना कागद असण्यापेक्षा नसलेला बरा.

सत्तरच्या वरच्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. पण तुमच्या जवळचं कुठलं हॉस्पिटल त्या यादीत आहे ते आधी फोन करून विचारा.

रोजची हजेरी चहावर घ्या. रात्री झोपण्याआधी ओटीवर ट्रेमध्ये पाच कप पालथे ठेवायचे, सकाळी साडेसातच्या चहाला जो उठून आला त्याने आपला सुलटा करायचा. आठपर्यंत कप पालथाच असेल तर दार वाजवायचं, उत्तर आलं नाही तर बाहेरून उघडायचं. कोणाला उशिरा उठायचं असेल तर रात्रीच कप सुलटा करून झोपावं. यात कोणी कोणावर नजर ठेवतंय असं वाटत नाही, आणि कोणी रात्रभर पडून राहिलं तर ते थेट दुपारी कळलं असंही होत नाही.

फोन भिंतीवर मोठ्या अक्षरात: रुग्णवाहिका 108, पोलीस 112, ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567, आणि त्याखाली वाडीतले तीन गाडीवाले. दरवर्षी जूनच्या आधी त्या तिघांना फोन करून बघा, एकाचा नंबर तरी बदललेला असतोच.

⚠ रात्री खळ्यात बॅटरी आणि बूट-चपलेशिवाय पाऊल टाकायचं नाही. फुरसं (छोटा विषारी साप) लाकडाच्या ढिगात आणि चिऱ्यांच्या गडग्यात असतं, म्हणून सरपण भिंतीला लावून रचू नका. चावलं तर बांधाबांध, चिरा देणं, मंत्र उतरवणं काही नाही, हलवाहलव न करता सरळ सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात. ती लस कुठे ठेवलेली असते हे मे महिन्यातच विचारून ठेवा.

10. राहायला गेल्यावर पहिल्या महिन्यात

पोलीस ठाण्यात भाडेकरू म्हणून माहिती द्या आणि घरात ज्येष्ठ राहतात हे बीट अंमलदाराला सांगा. ग्रामपंचायतीत जाऊन सरपंचांना भेटा. आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर यांना घरी चहाला बोलवा, बीपी-शुगर तपासायला त्यांची फेरी तुमच्या घरावरून होते का बघा.

रेशनकार्ड हलवायची घाई नको, धान्य दुसऱ्या गावातल्या दुकानातही आधारवर मिळतं. आधारवरचा पत्ता बदलायचा की नाही ते मुंबईतल्या बँका, सोसायटी आणि मेडिक्लेम बघून ठरवा, पाच जणांना एकच उत्तर लागू पडत नाही. मतदान गावात हवं असेल तर फॉर्म 8.

पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. उजेडात, ओटीवर बसून करा, माजघरात कॅमेरा चेहरा पकडत नाही. एकाला जमलं की त्याने सगळ्यांचे करून टाकावेत.

एसटीत 75 च्या पुढे प्रवास मोफत आणि 65 ते 75 अर्धं तिकीट आहे, बायकांना कुठल्याही वयात अर्धं. वेळापत्रक फोटो काढून स्वयंपाकघरात लावा, आणि शेवटची गाडी तालुक्याहून किती वाजता सुटते ते कंडक्टरलाच विचारा, स्टँडवरच्या बोर्डावर विश्वास ठेवू नका.